रंगेल माणूस क्रूर कधी होतो? सखाराम, नाना आणि पॅरिसचे कंटाळलेले सरदार

नरसी नामदेवहून बोलतेय. ज्यांना ऐकायला वेळ नाही, बसमध्ये रेंज नाही, किंवा माझ्या आवाजाचाच कंटाळा आलाय, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना येणारे 'म्हणजे', 'तर', 'हां' बरेच काढलेत. काही राहिलेत, चालवून घ्या.

आधीच सांगते, घरात लहान पोरं असतील तर हा भाग स्पीकरवर लावू नका. अश्लील काही नाहीये, पण मारहाण आहे आणि छळ आहे.

झालं असं, एका श्रोत्यानं विचारलं होतं, "ताई, वेब सिरीजमधल्या व्हिलनला सॅडिस्ट म्हणतात, ते नेमकं काय? नुसता क्रूर असला की झाला का सॅडिस्ट?" सोपा प्रश्न, दहा मिनिटांत उरकू, असं म्हणून मी बसले. पण त्याच आठवड्यात माझ्या फोनवर एक क्लिप आली होती आणि ती डोक्यातून जाईना.

चोरीच्या संशयावरून धरलेला एक पोरगा. विजेच्या खांबाला बांधलेला. भोवती माणसं. गाव कोणतं ते कळत नव्हतं, बोली मात्र आपल्याकडचीच वाटली. एक जण पट्ट्यानं मारतोय, बाकीचे फोन धरून उभे. मी ती क्लिप पुढं पाठवली नाही आणि त्याबद्दल दोन दिवस स्वतःलाच शाबासकी देत राहिले. पण खरं सांगू? मी ती तीनदा पाहिली. पहिल्यांदा उघडली ती काय आहे हे माहीत नव्हतं म्हणून. दुसऱ्यांदा राग आला म्हणून. तिसऱ्यांदा हेडफोन लावून पाहिली, आणि त्याचं कारण मला आजही सांगता येत नाही. शेजारी आजी शेंगा फोडत बसली होती. तिनं डोकावलं आणि एवढंच विचारलं, "कोनाचं लेकरू हाय गं ते?"

मला माहीत नव्हतं. तीनदा पाहूनही हा प्रश्न मला पडला नव्हता.

तर आता सॅडिस्ट. हा शब्द एका माणसाच्या आडनावावरून आलाय. मार्की द साद, फ्रान्सचा एक सरदार, १७४० ते १८१४. आयुष्यातली पंचवीसपेक्षा जास्त वर्षं तुरुंगात आणि वेड्यांच्या इस्पितळात काढलेला. बाई-नोकरांना छळल्याच्या तक्रारी त्याच्यावर खरोखरच होत्या, नुसतं पुस्तकात लिहिलं म्हणून तो आत गेला नव्हता. त्याच्या नावावरून रोगाचं नाव पाडलं गेलं ते तो मेल्यावर बऱ्याच वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. क्राफ्ट-एबिंग नावाच्या मानसोपचाराच्या डॉक्टरनं ते वैद्यकात रूढ केलं. दुसऱ्याच्या वेदनेतून सुख मिळणं, असा त्याचा अर्थ. म्हणजे श्रोतेहो, नुसता क्रूर माणूस आणि सॅडिस्ट यांत फरक आहे. सावकाराचा गुंड पैशासाठी हात मोडतो, तो क्रूर. सॅडिस्टला पैसे नकोत, त्याला हात मोडतानाचा आवाज हवा असतो.

सादनं १७८५ साली बास्तीच्या तुरुंगात एक कादंबरी लिहिली. कागदाचे तुकडे एकमेकांना जोडून केलेली, जवळजवळ १२ मीटर लांबीची गुंडाळी, दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात भरलेली. १७८९ मध्ये लोकांनी बास्ती फोडली, त्याच्या दहा दिवस आधी त्याला तिथून हलवलं होतं आणि गुंडाळी मागं राहिली. ती हरवली असं समजून तो रडला म्हणतात. हरवली नव्हती. १९०४ मध्ये ती बर्लिनला छापली गेली आणि २०२१ साली खुद्द फ्रेंच सरकारनं राष्ट्राचा ठेवा म्हणून विकत घेतली. पुस्तक मी पूर्ण वाचलेलं नाही. वाचवत नाही. पण त्याची मांडणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. डोंगरातल्या एका बंद किल्ल्यात चार जण जमतात: एक सरदार, एक बिशप, एक न्यायाधीश आणि एक धनवान सावकार. सत्ता, धर्म, कायदा, पैसा. गावात ज्यांच्याकडं दाद मागायला जायचं, ते चौघंच आत बसलेत आणि दार बंद आहे. आणि ते सुरुवात कशानं करतात? गोष्टी ऐकून. गोष्टी सांगणाऱ्या बायका ठेवल्यात, त्या रोज किस्से सांगतात, हे ऐकतात, आणि मग ऐकलेलं करून बघतात.

अशा माणसाला फ्रेंचमध्ये लिबेर्तँ म्हणतात, इंग्रजीत लिबर्टाइन. मूळ अर्थ वाईट नव्हता. धर्माची आणि रूढीची बंधनं न मानणारा, मोकळ्या विचाराचा. पुढं त्याचा अर्थ बाईबाज, चैनी असा झाला. मराठीत काय म्हणाल? रंगेल, छंदीफंदी, बदफैली. मला यातला 'रंगेल' शब्द फार लबाड वाटतो. "माणूस जरा रंगेल होता" म्हणलं की ऐकणारे हसतात. ज्या बाईच्या वाट्याला तो आला ती त्या शब्दात कुठंच दिसत नाही. लिबर्टाइनमध्ये रंगेलपणा आहेच, पण त्याला तत्त्वज्ञानही असतं. तो नुसता वाईट वागत नाही, वाईट वागणं कसं बरोबर आहे ते समजावून सांगतो. साद तर पानंच्या पानं भाषण करायला लावतो. निसर्गात मोठा मासा लहान माशाला खातो, मग मी का नको, अशा चालीचं. वर त्याची नायिका जस्टीन, जी सरळ वागते, तिच्यावर शेवटी वीज पडते.

आता शंभर वर्षं पुढं येऊ. १८७०-७१ मध्ये फ्रान्स जर्मनांकडून सपाटून हरला. पॅरिसमधल्या लेखकांच्या एका पिढीला वाटायला लागलं की आपली संस्कृती म्हातारी झालीय, आता उरलाय तो ऱ्हास. विरोधकांनी त्यांना डेकॅडंट म्हणजे ऱ्हासवाले म्हणलं आणि त्यांनी ते नाव मिरवलं. बोदलेर या सगळ्यांचा थोरला. १८५७ मध्ये त्याच्या कवितासंग्रहावर खटला झाला, ३०० फ्रँक दंड झाला आणि सहा कविता काढायला लावल्या. त्यांच्यावरची बंदी १९४९ मध्ये उठली. त्याचं एक निदान पुढच्या सगळ्यांनी उचललं: माणसाचा सर्वांत भयंकर दुर्गुण म्हणजे राग नाही, वासना नाही, तर कंटाळा. आणि तो वाचकालाच म्हणतो की हा राक्षस तुलाही चांगला ओळखीचा आहे.

कंटाळा! रात्री साडेअकराला अंगठ्यानं स्क्रीन वर ढकलत बसलेल्या कुणालाही हे फ्रेंच वाटणार नाही.

ह्युइसमान्स नावाचा लेखक, सरकारी खात्यात कारकून. त्याची १८८४ ची कादंबरी या संप्रदायाची पोथीच मानतात. नायक देझेसांत हा शेवटचा, अशक्त, श्रीमंत सरदार. घरात एकटा राहतो, अत्तरं, रत्नं, दुर्मीळ पुस्तकं. कासवाच्या पाठीवर रत्नं बसवतो आणि ते बिचारं कासव त्या ओझ्यानं मरतं. लोक कासवाची गोष्ट सांगतात, पण मला त्यातला दुसरा प्रसंग जास्त लागला. देझेसांतला रस्त्यात एक गरिबाचा पोरगा भेटतो. हा त्याला, जिथं जायची त्याची कधीच ऐपत होणार नाही अशा चैनीच्या घरात नेतो आणि पुढच्या काही खेपांचे पैसे आगाऊ भरून ठेवतो. का? हिशोब असा, की पोराला चटक लागेल, मग पैसे बंद होतील, मग तो चोरी करेल आणि एखाद्या दिवशी चोरी करताना कुणाचा तरी जीव घेईल. झाला तयार एक खुनी. याला पोराकडून काही नको. प्रयोग करायचाय फक्त. पुढं तो वर्तमानपत्रं चाळतो, बातमी आली का बघायला. बातमी येत नाही, तेव्हा त्याला फसवल्यासारखं वाटतं.

किती साधं आहे बघा. त्यानं हातही उचलला नाही.

दुसरा एक, व्हिल्ये द लील-आदां. त्याच्या कथासंग्रहाचं नावच 'क्रूर कथा', १८८३. त्याची एक नंतरची गोष्ट सांगते. स्पेनमधल्या धर्मन्यायालयाच्या तळघरात एक म्हातारा ज्यू धर्मगुरू कैदेत आहे. उद्या त्याला जाळणार. रात्री त्याला दिसतं, कोठडीचं दार नीट लागलेलंच नाही. तो सरपटत बाहेर पडतो. लांबच लांब बोळ. दोन अधिकारी समोरून येतात, त्यातला एक त्याच्याकडं पाहतो आणि जणू दिसलाच नाही असा बोलत राहतो. शेवटी दार, बाहेर बाग, चांदणं, डोंगराचा वारा. म्हातारा हात पसरून देवाचे आभार मानतो, आणि ते पसरलेले हात मुख्य धर्माधिकाऱ्याच्या मिठीत जातात. तोच तिथं वाट बघत उभा होता. दार उघडं ठेवणं हाच शेवटचा छळ होता. आशा दाखवून मारणं. ज्यांनी नोकरभरतीची परीक्षा देऊन वर्षानुवर्षं निकालाची वाट पाहिलीय, त्यांना ही गोष्ट मी जास्त समजवायला नको.

आणि तिसरा, ऑक्ताव मिर्बो, १८९९. चीनमधल्या एका तुरुंगाच्या बागेत क्लारा नावाची श्रीमंत इंग्रज बाई आठवड्यातून एकदा कैद्यांचा छळ बघायला जाते. फुलं अप्रतिम, कारण खत माणसांचं. ती कुणाला मारत नाही. ती प्रेक्षक आहे. बघून बघून शेवटी तिला झटके येतात, रडते, यापुढं नाही म्हणते, आणि तिला नेणारी नावाडीण म्हणते की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून होणारच आहे. यातला चीन हा युरोपच्या डोक्यातला चीन आहे, तो खरा समजू नका. पण मिर्बोनं पुस्तक अर्पण केलंय ते धर्मगुरू, सैनिक, न्यायाधीश अशा माणसांवर हुकूम चालवणाऱ्यांना, म्हणजे त्याला कुठला देश दाखवायचा होता ते उघड आहे. ही कादंबरी वाचताना मी तिसऱ्यांदा हेडफोन लावले ते आठवलं आणि फोन बाजूला ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा घेतला.

आता तुम्ही म्हणाल, हे फ्रान्सचं झालं, आपलं काय? आपल्याकडं किल्ले, अत्तरं, कंटाळलेले सरदार असं साहित्य फारसं नाही. खांडेकरांची 'ययाति' (१९५९) जवळ जाते. राजा भोगाला तृप्ती मिळावी म्हणून पोटच्या पोराचं तारुण्य मागतो, याहून मोठी क्रूरता कोणती? या कादंबरीला १९६० चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं आणि १९७४ चं ज्ञानपीठ खांडेकरांना. खांडेकरांनी एक मोठं काम केलं: ययातीसोबत देवयानी आणि शर्मिष्ठा यांनाही स्वतःच्या तोंडानं बोलू दिलं. तरी मला वाटतं, लेखक ययातीला फार लवकर माफ करतो. उपरती झाली की संपलं. पण ज्यांचं आयुष्य मधल्या काळात जळालं त्यांचं?

खरा माणूस सापडतो तो विजय तेंडुलकरांकडं. १९७२, 'सखाराम बाइंडर'. कमलाकर सारंगांनी बसवलं, निळू फुले सखाराम झाले, लालन सारंग चंपा. काही प्रयोगांनंतर सेन्सॉरनं परवानगी काढून घेतली, सारंग मुंबई हायकोर्टात गेले आणि जिंकले. त्या लढाईवर त्यांचं 'बाइंडरचे दिवस' नावाचं पुस्तकच आहे, नाटकापेक्षा ते वाचायला सोपं जाईल.

सखाराम छापखान्यात पुस्तकं बांधतो. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणतो. लग्न नाही, करार. खायला-ल्यायला देईन, घरात राहायचं, मी म्हणेन ते करायचं, पटलं नाही तर साडी आणि गाडीभाडं घेऊन चालू पडायचं. आणि हे तो अभिमानानं सांगतो. तुमचे नवरे चोरून करतात, मी उघड करतो. मी ढोंगी नाही. ओळखलंत? हे लिबर्टाइनचंच भाषण आहे. फक्त किल्ल्याऐवजी दोन खोल्या आहेत, अत्तराऐवजी चिलीम. आणि धोका असा की भाषण पटतं. तो कष्ट करतो, मृदंग वाजवतो, त्याचा दोस्त दाऊद मुसलमान आहे आणि त्यानं गणपतीच्या आरतीला उभं राहायला लक्ष्मी नको म्हणते तेव्हा सखाराम दाऊदची बाजू घेतो. पुरोगामीच की! आणि बाजू घेतो म्हणजे काय करतो? लक्ष्मीला मारतो.

ही लक्ष्मी दिवसभर एकटी असते, मुंगीशी बोलते, हसते. सखारामनं ते हसणं ऐकलेलं असतं. रात्री तो तिला म्हणतो, तसंच हस. तिला हसू येत नाही. तो धमकी देतो. ती हसते. या प्रसंगात रक्त नाही, तरी अख्ख्या नाटकात मला सर्वांत भयंकर तो वाटतो. मुंगीसोबतचं हसू ही तिची एकटीची चीज होती, तीसुद्धा त्याला हवी.

पण तेंडुलकर इथं फ्रेंचांच्या पुढं जातात असं माझं मत आहे. देझेसांतचा तो पोरगा पुस्तकातून निघून जातो, त्याचं पुढं काय झालं ते लेखकही विचारत नाही. तेंडुलकर मात्र मार खाणाऱ्यांच्या मागं मागं जातात. चंपा, फौजदाराची बायको, नवऱ्याच्या छळातून पळून आलेली, तोच नवरा दारात आल्यावर त्याला बडवते. आणि लक्ष्मी, देवभोळी, मुंगीशी बोलणारी, तीच शेवटी सखारामला चंपाबद्दल सांगून पेटवते. सखाराम चंपाचा गळा दाबतो आणि भेदरून बसतो. कुदळ घेऊन खड्डा खणायला लक्ष्मी लागते. छळ सोसलेला माणूस आपोआप दयाळू होत नाही, हे पचवणं अवघड जातं. मला अजून जातंय.

त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात पीडीएनं 'घाशीराम कोतवाल' केलं, दिग्दर्शक जब्बार पटेल, नाना फडणवीस झाले मोहन आगाशे. नाना इथं रंगेल म्हातारा. घाशीराम त्याला स्वतःची मुलगी देतो आणि बदल्यात कोतवाली घेतो. खरा घाशीराम पुण्याचा कोतवाल होता आणि १७९१ मध्ये लोकांनी त्याला दगडांनी ठेचलं. नाना मात्र इतिहासात असा नव्हता म्हणून बराच वाद झाला, आणि तेंडुलकरांचं म्हणणं होतं की हे ऐतिहासिक नाटक नाहीच. तो वाद बाजूला ठेवते, कारण मला त्यातल्या भिंतीबद्दल बोलायचंय. रंगमंचावर ओळीनं उभे असलेले पुरुष, तेच गातात, तेच नाचतात, तेच पाठ फिरवून भिंत होतात. भिंतीआड नाना जातो. चोरीच्या संशयावरून धरलेल्या एकाच्या हातावर घाशीराम तापलेला लोखंडी गोळा ठेवायला लावतो, तेव्हाही पुणं तिथं आहेच. त्या ओळीतल्या कुणाच्याच हातात हत्यार नाही. आणि घाशीराम मेल्यावर नाना उत्सव जाहीर करतो.

माझ्या क्लिपमध्ये मारणारा एक होता. भिंत केवढी मोठी होती! आणि ती क्लिप जिथं जिथं उघडली तिथपर्यंत पसरत गेली, आमच्या ओसरीपर्यंत.

आता नरसीत बसून हे बोलतेय तर एक गोष्ट सांगायलाच हवी. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून लोक इथं येतात, कयाधूच्या काठावर समाधी मंदिर आहे. नामदेवांबद्दल एक जुनी आख्यायिका आहे, की तरुणपणी ते वाटमाऱ्यांत होते. एकदा औंढ्याच्या देवळात त्यांना एक बाई दिसते, भुकेल्या रडणाऱ्या लेकरावर खेकसणारी. लेकराला का रागावतेस विचारल्यावर कळतं की तिचा नवरा घोडेस्वार होता आणि दरोड्यात मारला गेला. मारणाऱ्यांत हे स्वतः. ते हबकतात, देवापुढं स्वतःवरच शस्त्र चालवतात आणि तिथून आयुष्य पालटतं. अभ्यासकांना या कथेवर मोठे आक्षेप आहेत, गावातल्या जाणत्या मंडळींना ती पटत नाही, आणि मीही चरित्र म्हणून सांगत नाहीये. गोष्ट म्हणून सांगतेय. त्या गोष्टीत दरोडेखोराला देव दिसत नाही, कुणी उपदेशही करत नाही. लेकरू दिसतं. कुणाचं, ते कळतं.

गंमत म्हणजे ह्युइसमान्सही नंतर इथंच येऊन पोचला. १८९१ च्या कादंबरीत त्याचा नायक पंधराव्या शतकातल्या जिल द रे या सरदाराचं चरित्र लिहितोय. हा सरदार लहान मुलांचा खुनी, १४४० मध्ये फाशी दिलेला. कादंबरीत तो न्यायालयात कोसळतो, मेलेल्या मुलांच्या आईबापांसमोर रडतो आणि तेच लोक त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करतात. मला ते खोटं वाटत नाही, पण पचतही नाही. मी त्या आईबापांच्या जागी असते तर? नाही केली असती प्रार्थना.

बरं, त्या श्रोत्याला उत्तर मिळालं असेल असं समजते. वाचायचं असेल तर सादपासून सुरुवात करू नका, मन विटेल आणि हाती काही लागणार नाही. व्हिल्येच्या कथा घ्या, इंग्रजी भाषांतरं फोनवर फुकट सापडतात. त्याआधी 'सखाराम' वाचा, दोन तासांत होतं.

क्लिप मी काढून टाकली. त्याआधी जिच्याकडून आली तिला विचारलं, तिनं जिच्याकडून घेतली तिला विचारलं, असं चार जणींपर्यंत गेले आणि तिथं धागा तुटला. पोरगा कोण, जिवंत आहे का, काही कळलं नाही. आजी मधूनच विचारते, लागला का पत्ता म्हणून.

आणि हां, कुणी नाटक वाचलंच तर शेवटची लक्ष्मी तुम्हाला कशी वाटली ते व्हॉइस नोट करून पाठवा. माझं आणि माझ्या मैत्रिणीचं त्यावरून आठवडाभर भांडण चाललंय, ती म्हणते लक्ष्मीला दुसरा मार्गच नव्हता.